भूगोलाच्या मास्तरांनी कापलेला माणूस

माझ्या हातून आजवर एकच माणूस कापला गेला, आणि तोही कॉम्प्युटरवर. त्याला नाव नव्हतं, गाव नव्हतं, रेशनकार्ड नव्हतं. तरीही त्या कापाकापीची लाज मला अजून वाटते. बारामतीच्या स्टँडवर उतरलो की मी त्या दवाखान्याच्या रस्त्यानं जात नाही, मंडईकडून लांबचा वळसा घेतो. माझी बायको वृषाली विचारते, "इकडून कशाला?" मी म्हणतो, "तेवढाच व्यायाम." तिला खरं कारण ठाऊक आहे. तरी ती दर वेळी विचारते, आणि मी दर वेळी व्यायाम सांगतो.

मी भूगोल शिकवतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या प्रकरणात ते सांगायला मला फार उशीर झाला.

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत छेद काढावा तर मीच, अशी माझी ख्याती होती. ज्वालामुखीचा उभा छेद मी रंगीत खडूंनी असा काढत असे, की इन्स्पेक्शनला आलेले साहेबसुद्धा दोन मिनिटं थांबायचे. लाव्हा तांबडा, राख करडी, आणि डोंगराच्या उतारावर एक झाड, उगीच शोभेला. एका साहेबांनी शेरेबुकात "फलकलेखन उत्तम" असं लिहिलं होतं. ते पान मी नंतर बरेच दिवस उघडून बघत असे. माणसाचा नाश व्हायला एवढा शेरा पुरतो.

अठ्ठ्याण्णव साली एका माजी विद्यार्थ्यानं शाळेला कॉम्प्युटर दिला. त्याच्यासाठी वेगळी खोली झाली, दारात पायपुसणं आलं, चपला बाहेर काढायचा नियम झाला आणि यंत्रावर हेडसरांनी स्वतःची सत्काराची शाल पांघरली. मी उन्हाळ्यात बारामतीला तीन महिन्यांचा कोर्स केला होता, त्यामुळं किल्ली माझ्याकडं आली. त्याच माजी विद्यार्थ्यानं सोबत एक परदेशी सीडी पाठवली होती. तीत माणसाचं आख्खं शरीर होतं, चहूबाजूंनी फिरवता येणारं. कातडी काढा, स्नायू काढा, हाडं ठेवा, आतडी उचला. सगळ्यात मोठी गंमत म्हणजे माणसाच्या अंगातून एक अदृश्य फळी सरकवता यायची. फळी जिथं थांबेल तिथून पुढचा माणूस गायब आणि आतलं सगळं उघडं.

म्हणजे छेदच की. मी पहिल्या दिवशी त्या माणसाला दुपारच्या सुट्टीपासून शाळा सुटेपर्यंत कापत होतो.

हेडसरांनी ते दारातून पाहिलं. जानेवारीत शाळेच्या मैदानावर आरोग्य शिबिर होणार होतं, बारामतीहून डॉक्टर येणार होते. हेडसर म्हणाले, "आपल्यातर्फे काहीतरी आधुनिक पाहिजे. शरीराचे छेद करा. मोठं चित्र लावू."

मी म्हणालो, "सर, हे जीवशास्त्राच्या माणसाचं काम."

"जीवशास्त्राची जागा दोन वर्षं रिकामी आहे," हेडसर म्हणाले. "छेद कोण काढतं शाळेत? तुम्हीच ना?" दुसऱ्या दिवशी जावक क्रमांक घालून मला लेखी आदेश मिळाला. विषय: मानवी शरीर कापणेबाबत.

काम सोपं वाटलं होतं. पण तो माणूस कापला की आत पोकळ निघायचा. हृदय कापा, आत काही नाही. यकृत कापा, आत काही नाही. सगळे अवयव रिकाम्या मडक्यांसारखे. मी बसून एकेका कापावर माऊसनं रंग भरायला लागलो. दोन आठवडे रोज दोन तास भरत होतो, उजव्या हाताचं मनगट सुजलं. मग एकदा चुकून एका बटणावर बाण गेला आणि सगळे काप आपोआप भरून आले. ते बटण पहिल्या दिवसापासून तिथंच होतं. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. स्टाफरूममध्ये मनगटाला क्रेप बँडेज बांधून हिंडलो आणि "फार बारीक काम आहे" एवढंच म्हणालो.

दुसरी अडचण कपड्यांची. सीडीतल्या माणसाच्या अंगावर सूत नव्हतं. हेडसर चित्र बघून खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मुली आहेत शाळेत. काहीतरी नेसवा." मी धोतर काढलं. तर म्हणाले, "पोट कापलंय आणि धोतर शाबूत कसं?" मी धोतरालाही छेद दिला. मग आमचे शेजारी मोहनराव चित्र पाहायला आले. मोहनराव पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. पाणी कुठल्या पाटाला जातंय हे सांगण्यात हयात गेल्यामुळं कुठल्याही बाबतीत सांगण्याची त्यांना सवय होती. ते म्हणाले, "सर, माणूस परका वाटतोय. टोपी घाला."

मी टोपी घातली. खरं सांगतो, टोपीनं फरक पडला. धोतर, पांढरी टोपी, छाती-पोट उघडं आणि चेहऱ्यावर शांत भाव. एस.टी.ची वाट बघत उभा असलेला आपल्याकडचाच कुणीतरी वाटायला लागला. पुढं ह्या टोपीनंच घात केला, पण तेव्हा मी तिच्या घड्या नीट काढण्यात गुंग होतो.

आणि मग निघाला डाव्या-उजव्याचा प्रश्न.

चित्राचा साधा छापील नमुना मी घरी आणला होता. मोहनरावांनी तो ओट्यावर पसरला, स्वतःच्या छातीवर डावीकडं हात ठेवला, मग चित्राकडं पाहिलं आणि म्हणाले, "सर, हृदय उलट्या बाजूला आलंय."

मी पाहिलं. माझा हात माझ्या डाव्या बाजूला, आणि चित्रातलं हृदय कागदाच्या उजव्या बाजूला. शेजारच्या द्वारकाबाई भाजी निवडता निवडता उठून आल्या, त्यांनीही छातीवर हात ठेवला. समोरच्या पोस्टमननीही येऊन ठेवून पाहिला. ओट्यावर चार माणसं छातीवर हात ठेवून उभी होती आणि चौघांचंही मत पडलं की चित्र चुकलंय.

आतून वृषाली म्हणाली, "अहो, पण तो माणूस आपल्याकडं तोंड करून उभा आहे ना? सृष्टीची वेणी समोरून घातली तर माझा हात उलटाच पडतो."

सृष्टी आमची मुलगी, नववीत होती. मी वृषालीला म्हणालो, "वेणी वेगळी, विज्ञान वेगळं."

ह्या वाक्याबद्दल मी तिची माफी नंतर मागितली आहे, पण ती पुरेशी झालेली नाही. माझी चूक कुठं झाली ते सांगतो. वीस वर्षं मी नकाशे शिकवत आलो. नकाशात डावीकडं पश्चिम, उजवीकडं पूर्व, आणि ह्यात कधी बदल होत नाही. नकाशा कुणाकडं तोंड करून उभा राहत नाही. समुद्र कागदाच्या डावीकडं तर तो डावीकडंच. त्या माणसाकडं मी महाराष्ट्राकडं पाहावं तसं पाहत होतो. मुंबई पाहिजे तिथं नाही म्हटल्यावर मी अस्वस्थ झालो आणि दुसऱ्या दिवशी खोलीत जाऊन आरशाचं चिन्ह असलेलं बटण दाबलं. माणूस डाव्याचा उजवा झाला. हृदय माझ्या डाव्या हाताला आलं, यकृत उजव्या हाताला गेलं. परदेशातल्या लोकांची चूक आपण सुधारली, ह्या समाधानात मी घरी आलो.

रंगीत छपाई बारामतीलाच व्हायची. चित्र एवढं मोठं, की एका फ्लॉपीत मावेना. मी माणसाचे नऊ तुकडे करून नऊ फ्लॉप्यांत भरले, प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून नाव घातलं: डोके, छाती एक, छाती दोन, पोट, वगैरे. बारामतीच्या दुकानात आठ फ्लॉप्या चालल्या, पोटाची चालेना. दुकानदार म्हणाला, "पोट खराब आहे सर." परत शाळेत, तर वीज नाही. तिसऱ्या दिवशी पोट घेऊन पुन्हा बारामती. ओळखीचा झालेला कंडक्टर गर्दीतून ओरडला, "सर, पोट आणलं का?" सगळी गाडी माझ्या पोटाकडं पाहायला लागली. शेवटी छत्तीस कागद डिंकानं जोडून, पुठ्ठ्यावर चढवून, पुरुषभर उंचीचा माणूस उभा राहिला.

शिबिराच्या दिवशी मैदानात दोनशे माणसं. कळस, निमगाव, आसपासच्या वाड्यांवरून लोक आलेले. डॉक्टर मंडळी वर्गांत बसून रुग्ण तपासत होती. त्यांच्यातला एक तरुण डॉक्टर चहाला जाताना चित्रासमोर थांबला, मान तिरकी करून पाहिलं आणि "इंटरेस्टिंग" म्हणून हसत गेला. हा अभिप्राय मी त्या संध्याकाळी वृषालीला तीनदा सांगितला.

माझ्या एका हातात छडी, एका हातात माईक. मी पोटावर आलो, तेव्हा पुढच्या रांगेतून म्हस्कूआबा उठले. कळसचे. साठी उलटलेले. पूर्वी मेंढरं राखायचे, आता पोरांनी डाळिंब लावलेलं. पण गावच्या जत्रेत मुलाणी सुरी फिरवून गेला, की पुढं बकरं सोलणं, पोट उघडणं आणि वाटे घालणं हे काम त्यांचंच, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. त्यांची बायको बानूबाई तेव्हा पाचवी ब च्या वर्गात तपासायच्या रांगेत बसली होती. तिच्या पोटात वरचेवर दुखायचं.

"गुर्जी, येक इचारू का?"

"विचारा की आबा."

"ह्यो माणूस आपल्याकडं तोंड करून हुबा हाय न्हवं?"

"हो."

"म्हंजी त्येचा उजवा हात ह्यो." आबांनी पुढं येऊन चित्रातल्या माणसाच्या हाताला बोट लावलं. "मग कलेजी पलीकडं कशी गेली? ती उजव्या अंगाला आसती. पित्ताची पिशवी बी तितंच, कलेजीला चिकटून. बकरं उघडलं की आमी पयली ती काढतो, न फोडता. फुटली तर समदं मटान कडू व्हतंय."

इथं मला खोटं बोलायचं नाही. त्या क्षणी मला शंका आली. वृषालीची वेणी आठवली. पण हातात माईक होता, समोर दोनशे माणसं होती, बाजूला हेडसर होते, आणि शेरेबुकात "फलकलेखन उत्तम" लिहिलेलं होतं.

मी माईकवर म्हणालो, "आबा, तुम्ही बकरी कापलीत. हे बकरं नाही, माणूस आहे. माणसाची रचना वेगळी. माणसाची कलेजी आणि पित्ताची पिशवी डाव्याच अंगाला असते. हे कॉम्प्युटरनं काढलंय." लोकांना आपल्या बाजूला घ्यावं म्हणून मी पुढं म्हणालो, "तरी पण आमच्याकडं जीवशास्त्राची जागा रिकामी आहे. आबा, अर्ज टाका."

दोनशे माणसं हसली. म्हस्कूआबाही हसले, हात जोडले. "व्हय गुर्जी. आमचं आपलं बकऱ्यापुरतं," असं म्हणून खाली बसले.

घरी आल्यावर सृष्टीचं विज्ञानाचं पुस्तक टेबलावरच होतं. मी त्याच्यावर चष्मा ठेवला आणि ते उघडलं नाही.

दोन आठवड्यांनी रविवारी सकाळी म्हस्कूआबा माझ्या घरी आले. हातात पिशवीभर डाळिंबं. ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "गुर्जी, तेवडं चित्र द्या. दोन दिसांत आणून देतो."

"कशाला आबा?"

"बानूच्या पित्ताच्या पिशवीत खडं निगालं. बारामतीला आपरेशन ठरलं व्हतं. डॉक्टरणीनं पेनानं रेघ वढली, तर उजव्या अंगाला. मी म्हणलं, बाई, आमच्या गुर्जींनी डाव्या अंगाला दावलीया. ती हसली. मी म्हणलं, हसू नगा, शिकल्याली माणसं बी चुकत्यात. उठवलं बानूला आन् आणलं घरी. आता त्ये चित्र तिला दावतो, मग कापू दे."

मी म्हणालो, "पण आबा, तुम्हीच तर म्हणाला होता, उजवीकडं असते."

"म्हणलं व्हतं," आबा म्हणाले. "पर तुमी सांगितलं न्हवं का, माणसाचं येगळं आसतंय. आन् त्यो चित्रातला तर आपल्यातलाच माणूस, टोपीवाला."

चाळीस वर्षं हातांनी पाहिलेलं त्या माणसानं माझ्या एका वाक्यावर सोडून दिलं होतं. मी "बघतो, उद्या सांगतो" म्हणून त्यांना वाटेला लावलं आणि आत येऊन पुस्तक उघडलं. यकृत: उजवीकडं. पित्ताशय: यकृताच्या खाली. वृषाली समोर बसून त्यांनीच आणलेलं डाळिंब सोलत होती. काही बोलली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

खरं तर मी त्याच पावली कळसला जाऊन "आबा, चुकलो" म्हणायला पाहिजे होतं. त्याऐवजी मी रात्रभर एक वाक्य तयार केलं आणि सकाळी ते घेऊन स्कूटरवर गेलो. आबा गोठ्यात होते. बानूबाई दारात पोट धरून बसली होती. मी म्हणालो, "आबा, कॉम्प्युटरमध्ये बिघाड झाला होता. त्यानं चित्र उलटं काढलं. डॉक्टरीणबाईंचं बरोबर आहे. ऑपरेशन करून घ्या."

आबांनी हातातली पेंढी खाली ठेवली. "म्हंजी यंत्र चुकलं?"

"हो. यंत्रच."

"मंग डॉक्टरणीचं बी यंत्रच हाय की," ते म्हणाले. "पडद्यावर बघून सांगितलं तिनं, खडं हायती म्हणून. तुमच्यासारका शिकल्याला माणूस संगं आसून तुमचं यंत्र चुकलं, तर तिचं कशावरून न्हाय चुकायचं? आता तर मी हात बी लावू देणार न्हाय."

मी येताना स्कूटर तीनदा बंद पडली असं शाळेत सांगितलं. ती एकदाही बंद पडली नव्हती. कालव्याच्या कडेला मी स्वतःच थांबत होतो.

तिसऱ्या दिवशी चौथ्या तासाला शिपाई दत्तोबा वर्गाच्या दारात आला. तो कळसचाच. "सर, बानूकाकीला रातच्याला लई ताप भरला. डोळं पिवळं पडल्यात. पोरांनी बारामतीला नेलीया. पर म्हस्कूआबा कागदावर अंगठा देईना. डॉक्टरीण म्हणती, आता उशीर केला तर माझ्या हातात न्हाय."

फळ्यावर माझा ज्वालामुखी अर्धा झाला होता. तो तसाच सोडून मी निघालो. बारामतीपर्यंत काय बोलायचं ते ठरवत होतो, आणि प्रत्येक वाक्यात कॉम्प्युटर येत होता. तो काढून टाकला की वाक्यात मी एकटाच उरत होतो.

दवाखान्यात वरच्या मजल्यावर आठ खाटांचा वॉर्ड. प्रत्येक खाटेभोवती चार-चार नातेवाईक, आणि त्यातले निम्मे कळस-निमगावचे, म्हणजे शिबिरात हसलेले. बानूबाई भिंतीकडच्या खाटेवर डोळे मिटून पडली होती. उशाशी म्हस्कूआबा, पायाशी संमतीचा कागद आणि शाईचा पॅड घेतलेली नर्स. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्म्यातून माझ्याकडं पाहत म्हणाल्या, "चित्राचे सर तुम्हीच का?"

मी मान हलवली. आबांकडं वळून त्यांनी विचारलं, "बाबा, तुम्ही बकरं उघडता तेव्हा पित्ताची पिशवी कुठं सापडते?"

"उजव्या अंगाला, कलेजीखाली."

"मग?"

"पर गुर्जी म्हणलं, माणसाचं येगळं."

सगळा वॉर्ड माझ्याकडं पाहायला लागला. मी खाटेजवळ गेलो आणि हळू आवाजात म्हणालो, "आबा, यंत्र चुकलं नव्हतं. मी चुकलो."

"मोठ्यानं बोला गुर्जी," आबा म्हणाले. "बानूला कमी ऐकू येतं. पोट तिचं हाय, तिला कळाया पायजे."

शिबिरात माझ्या हातात माईक होता. इथं नव्हता. मी आठ खाटांना ऐकू जाईल अशा आवाजात बोललो. "मावशी, मी भूगोल शिकवतो. मला माणसाच्या पोटातलं काही कळत नाही. कॉम्प्युटरनं चित्र बरोबर काढलं होतं, ते मी उलटं केलं. आबांनी चूक दाखवली, तेव्हा मला शंका आली होती. तरी मी चारचौघांत त्यांना हसलो. आबांचं बरोबर होतं. डॉक्टरीणबाईंचं बरोबर आहे. परवा यंत्र बिघडलं म्हणालो, तेही खोटं होतं."

बानूबाईनं डोळे उघडले. माझ्याकडं नाही, नवऱ्याकडं पाहिलं. "मी म्हणत व्हते की," ती क्षीण आवाजात म्हणाली, "दुकतंय तर हितं उजवीकडंच. पर माझं कोन ऐकतंय." आणि तिनं परत डोळे मिटले.

आबा उठले. पॅडवर अंगठा टेकवला, कागदावर दाबला. मग तोच शाईचा अंगठा धोतराला पुसत मला म्हणाले, "बसा गुर्जी. घाम आलाय तुमाला."

ऑपरेशनला दोन तास लागले. मी जिन्यात बसून होतो. शेवटी दार उघडलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. रीतीप्रमाणं त्यांच्या हातात एका काचेच्या बाटलीत काढलेली पिशवी होती, नातेवाइकांना दाखवायला. "वेळेत झालं," त्या म्हणाल्या. "अजून एक दिवस गेला असता तर अवघड होतं."

म्हस्कूआबांनी बाटली हातात घेतली, उजेडाकडं धरली, गोल फिरवून सगळ्या बाजूंनी पाहिली. जत्रेत वाटे घालताना जसे गंभीर व्हायचे तसे गंभीर झाले. मग मान डोलावून म्हणाले, "फुटली न्हाय. हात चांगला हाय बाईचा."

डॉक्टरीणबाई लाजल्यासारख्या हसल्या. मला वाटतं, इतकी जाणकार शाबासकी त्यांना कुणी दिली नसेल.

मी बाजूला उभा होतो. त्या जिन्यावर आपापल्या कामातली दोन जाणती माणसं होती आणि तिसरा मी होतो.

चित्राचं पुढं काय झालं, तर काही झालं नाही. मी हेडसरांना म्हणालो, काढून टाकू. ते म्हणाले, "डेड स्टॉक रजिस्टरला चढलंय. ठरावाशिवाय निकाली काढता येत नाही." मग दत्तोबानं आपल्या अक्कलहुशारीनं ते भिंतीकडं तोंड करून टांगलं. आता वर्गात पुठ्ठ्याची पाठ दिसते. नवीन मुलं विचारतात, सर, त्या बाजूला काय आहे? मी म्हणतो, काढा पुस्तकं.

चैत्रात बानूबाई बरी झाली म्हणून आबांनी बिरोबाला बोललेलं बकरं दिलं. आमंत्रण द्यायला स्वतः आले. मी कामाची सबब सांगितली. वृषाली आतून म्हणाली, "येतील ते." मग जावं लागलं.

कळसला लिंबाखाली पंगत बसली होती. समोर तीच माणसं, शिबिरातली आणि वॉर्डातली. मी कडेची जागा धरली. बानूबाई हातात भाकरीची टोपली घेऊन फिरत होती, चांगली तरतरीत. माझ्या ताटात तिनं न विचारता दोन भाकरी टाकल्या. मोहनराव माझ्या शेजारी बसले होते. रस्सा पातळ झालाय की नाही ह्याबद्दल ते वाढप्याला सल्ला देत होते.

म्हस्कूआबा स्वतः वाढायला आले. हातात कलेजीचं पातेलं होतं. आयुष्यभर मी कलेजी खात आलो, पण ती जनावराच्या कुठल्या अंगाला असते हे कधी कुणाला विचारलं नव्हतं. आबा माझ्यासमोर थांबले, वाकले, मोठा तुकडा निवडून माझ्या ताटात ठेवला. मग आणखी वाकून माझ्या कानाशी तोंड आणलं आणि शेजारच्या मोहनरावांनाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाले, "उजव्या अंगाची हाय, गुर्जी. खावा."

आणि पुढच्या ताटाकडं गेले.

मी त्यांना दोनशे माणसांत माईकवरून बोललो होतो. त्यांनी मला कानात सांगितलं. मी मान खाली घालून तो तुकडा खाल्ला. मोहनराव म्हणाले, "सर, तिखट लागलं का? डोळ्यांत पाणी आलं तुमच्या." मी म्हणालो, "हो, तिखट आहे." आणि पाणी मागितलं.